झांबियाचा युनिप पक्ष: सत्तावीस वर्षांची सत्ता आणि त्यानंतरची घसरण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

युनिप म्हणजे कोणता पक्ष?

युनायटेड नॅशनल इंडिपेंडन्स पार्टी. आद्याक्षरं जोडून ‘युनिप’. इंग्रजांच्या काळातला नॉर्दर्न ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झांबिया. त्याला २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वातंत्र्य मिळवून दिलं ते या पक्षाने, आणि नोव्हेंबर १९९१पर्यंत राज्य केलं तेही यानेच. सगळा काळ राष्ट्राध्यक्ष एकच, केनेथ काउंडा. त्यातली अठरा वर्षं तर दुसरा पक्ष काढायलाच कायद्याने मनाई होती.

स्वातंत्र्याच्या दिवशीच टोकियो ऑलिंपिकचा समारोप होता. या देशाचे खेळाडू उद्घाटनाला नॉर्दर्न ऱ्होडेशिया या नावाने चालले होते. समारोपाच्या संचलनात ते झांबियाचे म्हणून उतरले.

पक्षाची सुरुवात कशी झाली?

फाटाफुटीतून. आधी हॅरी नकुम्बुला यांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस होती आणि काउंडा तिचे सरचिटणीस होते. १९५३मध्ये इंग्रजांनी दोन्ही ऱ्होडेशिया आणि न्यासालँड (आजचा मलावी) यांचा महासंघ केला. त्याचा कारभार गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती जाणार हे उघड होतं. नकुम्बुला फारच सबुरीने घेतात असं वाटून काउंडा, सायमन कापवेप्वे आणि इतर तरुण १९५८मध्ये बाहेर पडले. त्यांच्या नव्या पक्षावर काही महिन्यांतच बंदी आली आणि काउंडा तुरुंगात गेले. ते आत असताना, १९५९मध्ये, बाहेर युनिप उभा राहिला. माइन्झा चोना यांनी तो सांभाळला आणि जानेवारी १९६०मध्ये काउंडा सुटून येताच अध्यक्षपद त्यांच्या हाती दिलं. ज्या पक्षात पुढे तीस वर्षं खुर्ची कोणी सोडली नाही, त्याची सुरुवात अशी खुर्ची सोडण्यातून झाली हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लोक या पक्षामागे का गेले?

महासंघाला विरोध हे कारण झालंच. पण रोजच्या जगण्यातला अपमान त्याहून जवळचा होता. त्या काळच्या खाटकाच्या दुकानाचं उदाहरण घ्या. गोरं गिऱ्हाईक समोरच्या दारातून आत जाई, तुकडा निवडून घेई. काळ्या माणसाला दुकानात पाऊल टाकायची सोय नव्हती. बाजूच्या भिंतीत एक झरोका असे. त्यातून पैसे आत सरकवायचे आणि कागदात गुंडाळून जे बाहेर येईल ते मुकाट घ्यायचं. आत हाड आहे की चरबी, हे घरी जाऊन कळायचं. अशा दुकानांवर बहिष्काराची आंदोलनं झाली. काउंडांनी त्याच काळात मांस सोडलं ते कायमचं.

१९६१मध्ये पक्षाने ‘चा-चा-चा’ नावाने कायदेभंगाची मोहीम काढली. उत्तरेकडे ती नुसती शांततामय राहिली नाही; रस्ते अडवले गेले, पूल तोडले गेले, शाळाही जळल्या. १९६२च्या निवडणुकीनंतर युनिपने जुन्या काँग्रेसबरोबर आघाडी सरकार केलं आणि जानेवारी १९६४मध्ये मुख्य मतदारयादीतल्या (गोऱ्यांची यादी वेगळी होती) ६५पैकी ५५ जागा जिंकून स्वबळावर सत्ता घेतली.

काउंडा गांधीवादी होते म्हणतात. कितपत खरं?

मनापासून होते. गांधींचं लेखन त्यांच्यापर्यंत पोचलं ते तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांकडून. हे व्यापारी बहुतेक गुजराती. दारू नाही, मांस नाही, राहणी साधी, आणि हातात सतत पांढरा रुमाल.

पण सत्ता येते तेव्हा काय होतं ते पहिल्याच वर्षी दिसलं. चिन्सालीच्या भागात ॲलिस लेन्शिना या बाईंचा लुम्पा नावाचा ख्रिस्ती पंथ होता. त्यांचे अनुयायी पक्षाचं कार्ड घ्यायला तयार नव्हते. युनिपचे कार्यकर्ते आणि पंथाचे लोक यांच्यात मारामाऱ्या झाल्या, गावं जळाली, शेवटी काउंडांच्या सरकारने सैन्य पाठवलं. शेकडो माणसं मेली. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने बाकी होते. त्या वेळी लागू झालेली आणीबाणी पुढे युनिपची सत्ता जाईपर्यंत उठलीच नाही. काउंडा स्वतः चिन्सालीचेच, हे लक्षात ठेवलेलं बरं.

स्वातंत्र्याच्या वेळी देशाकडे काय होतं?

तांबं भरपूर, शिकलेली माणसं जवळजवळ नाहीत. अख्ख्या देशात काळे पदवीधर शंभरच्या आसपास. निर्यातीच्या कमाईत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या तांब्याचा. आणि त्या जमिनीखालच्या खनिजाची रॉयल्टी एका ब्रिटिश कंपनीच्या खिशात जात होती! स्वातंत्र्याच्या आदल्या दिवसापर्यंत घासाघीस करून ४० लाख पौंडांत तो हक्क सोडवून घेतला गेला. निम्मे पैसे ब्रिटनने भरले.

पहिल्या दहा वर्षांचं काम मनापासून दाद द्यावी असं आहे. गावोगाव शाळा, दवाखाने, रस्ते. १९६६मध्ये विद्यापीठ सुरू झालं, आणि त्यासाठी सामान्य लोकांनी वर्गणी दिली. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांनी मका दिला, कोंबड्या दिल्या. युनिपवर टीका करताना हे विसरू नये.

याला समाजवादी पक्ष म्हणायचं का?

पक्ष आपल्या विचाराला ‘मानवतावाद’ म्हणायचा. १९६७मध्ये तो अधिकृत झाला: जुन्या आफ्रिकी गावातली एकमेकांना धरून राहण्याची रीत, ख्रिस्ती श्रद्धा आणि सरकारी मालकीची अर्थव्यवस्था यांचं मिश्रण. काउंडा मार्क्सवादी कधीच नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘शास्त्रीय समाजवाद’ शिकवण्याची भाषा पक्षात सुरू झाली तेव्हा चर्चेसनी कडाडून विरोध केला.

व्यवहारात मात्र पावलं समाजवादीच होती. एप्रिल १९६८च्या मुलुंगुशी घोषणेने २६ मोठ्या खासगी कंपन्यांत सरकारने ५१ टक्के हिस्सा मागितला. ऑगस्ट १९६९मध्ये मातेरो इथे हाच नियम खाणींना लावला. पुढे बिअरपासून बसपर्यंत आणि पिठाच्या गिरणीपासून विम्यापर्यंत सगळं सरकारी महामंडळांकडे आलं.

एकपक्षीय राजवट का आणली? विरोधक तर दुबळे होते ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि युनिपच्या गोष्टीचा गाभा मला यातच दिसतो.

विरोधक खरंच दुबळे होते. १९६८च्या निवडणुकीत १०५पैकी ८१ जागा युनिपच्या. भीती घरातली होती. १९६७मध्ये मुलुंगुशीच्या अधिवेशनात केंद्रीय समितीच्या खुल्या निवडणुका झाल्या आणि मतं सरळ प्रांताप्रांतांत, भाषेभाषेत विभागली. बेम्बा आणि टोंगा बोलणारे एका बाजूला, लोझी आणि पूर्वेकडचे दुसऱ्या बाजूला. कापवेप्वे जिंकून उपाध्यक्ष झाले, पण हरलेल्यांनी तो निकाल मनाने स्वीकारला नाही. ‘एक झांबिया, एक राष्ट्र’ ही पक्षाची घोषणा. सत्तरहून अधिक जमाती असलेल्या देशात ती पोकळ नव्हती, आणि पक्षच जमातींत फुटताना पाहून काउंडा हादरले. त्यांनी उपाय केला तो पदं सर्व प्रांतांत तोलून वाटण्याचा. कोणाला काय मिळणार हे मग निवडणुकीऐवजी त्यांच्या हातात आलं.

ऑगस्ट १९७१मध्ये कापवेप्वे बाहेर पडले आणि त्यांनी युनायटेड प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. कापवेप्वे कोण? काउंडांचे लहानपणापासूनचे, त्याच चिन्सालीचे मित्र. ‘झांबिया’ या नावाचं श्रेयही अनेक जण त्यांनाच देतात. डिसेंबरात मुफुलिरा पश्चिमची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली. तांब्याच्या पट्ट्यातली, म्हणजे युनिपच्या बालेकिल्ल्यातली जागा. फेब्रुवारी १९७२मध्ये त्यांच्या पक्षावर बंदी आली आणि ते कोठडीत गेले. त्याच महिन्यात चोना यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. देशात एकच पक्ष असावा का, हे आयोगाला विचारलेलंच नव्हतं; तो कसा असावा, एवढंच विचारलं होतं. डिसेंबर १९७२मध्ये कायदा झाला. पुढच्या वर्षी म्हाताऱ्या नकुम्बुलांनी चोमा इथे करारावर सही करून आपली काँग्रेस युनिपमध्ये विलीन केली.

१९७८मध्ये, तोवर युनिपमध्ये परतलेले कापवेप्वे आणि नकुम्बुला अशा दोघांनीही पक्षात राहूनच काउंडांविरुद्ध उभं राहायचं ठरवलं. नियम ऐनवेळी असे बदलले की दोघेही बाद. आतून बदल होण्याची वाट तिथे संपली. मला विचाराल तर युनिपचं मरण १९९१चं नाही, त्या वर्षाचं आहे.

एकपक्षीय काळात निवडणुका होत नव्हत्या का?

होत होत्या, दर पाच वर्षांनी. मतदारसंघात युनिपचेच दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध लढायचे आणि मंत्रीसुद्धा पडायचे. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र एकच नाव, त्यावर हो किंवा नाही. १९७३च्या पहिल्या अशा निवडणुकीला मतदार जेमतेम चाळीस टक्के आले. पक्षाने ते ऐकायला हवं होतं.

सामान्य माणसाच्या आयुष्यात पक्ष कसा दिसायचा?

कार्डाच्या रूपात. युनिपच्या युवक शाखेची पोरं बाजाराच्या तोंडाशी, बसथांब्यावर उभी राहून पक्षाचं कार्ड मागत. नसेल तर बसमध्ये चढता येत नसे, भाजी विकता येत नसे. ‘युनिपमध्ये असण्यात फायदा आहे’ अशी पक्षाची घोषणाच होती, आणि नोकरी, परवाना, बाजारातला गाळा यांतून तो फायदा दिसायचा. सरकारी बोलण्यातही शब्दक्रम ठरलेला: ‘पक्ष आणि त्याचं सरकार’. आधी पक्ष. पंतप्रधानापेक्षा पक्षाचा सरचिटणीस वरचा.

बाहेरून ही ताकद वाटते. पण फायद्यासाठी आलेली माणसं फायदा आटला की थांबत नाहीत. झरोक्यातून मांस घ्यायला नकार देणारी, मार खाणारी पहिली पिढी आणि गाळ्यासाठी कार्ड घेणारी दुसरी पिढी, यांत फार अंतर होतं.

तांब्याचे भाव पडले म्हणून सगळं कोसळलं, हे बरोबर आहे का?

बरंचसं बरोबर आहे. १९७४मध्ये तांब्याचा भाव शिखरावर होता. वर्षभरात तो निम्म्याहून खाली आला आणि बराच काळ वर उठला नाही. सरकारच्या महसुलात निम्मा वाटा देणाऱ्या खाणींकडून १९७७मध्ये जवळजवळ काहीच आलं नाही. भाव पुन्हा चढेल या आशेवर सरकारने कर्ज काढून खर्च चालू ठेवला. खाणींना सुट्या भागांसाठीही परकीय चलन मिळेना, आणि उत्पादन घसरत गेलं.

पण भाव पडणं थांबवणं काउंडांच्या हातात नसलं तरी, एका धातूवर देश टांगून ठेवू नका असं सांगणाऱ्याचं ऐकणं हातात होतं. असं सांगणारी माणसं पक्षात उरली नव्हती.

शेजारच्या देशांच्या लढ्यांची किंमत किती मोजावी लागली?

खूप. आणि इथे मी काउंडांच्या बाजूने आहे. दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, इयन स्मिथने १९६५मध्ये गोऱ्यांची राजवट स्वतंत्र जाहीर केली. झांबियाला समुद्र नाही. तेल, कोळसा, रेल्वे सगळं त्याच बाजूने यायचं. १९७३मध्ये सीमा बंद झाली, १९७५मध्ये अंगोलातून जाणारी रेल्वेही युद्धात थांबली. चीनच्या कर्जावर दार-ए-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधावी लागली. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं परदेशातलं मुख्यालय झांबियाच्या राजधानीत, लुसाकात होतं. झिम्बाब्वे आणि नामिबियाचे लढवय्येही तिथेच. त्यासाठी झांबियाने ऱ्होडेशियाचे हवाई हल्ले सोसले. १९७०ची अलिप्त राष्ट्रांची परिषद लुसाकात झाली, इंदिरा गांधी त्या परिषदेला गेल्या होत्या. काउंडांचं नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या कानावर आहे ते त्या काळापासून.

मक्याच्या पिठाने सरकार पाडलं म्हणतात, ते कसं?

झांबियात जेवण म्हणजे न्शिमा. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी पळीने घोटतात. आपल्या उकडीपेक्षा कितीतरी घट्ट. हाताने गोळा तोडायचा, बोटांनी वळून त्याला अंगठ्याने खळगा करायचा आणि पालेभाजीत किंवा कापेन्टा नावाच्या बारीक सुक्या मासळीच्या कालवणात बुडवायचा. बाकी कितीही खाल्लं आणि न्शिमा नसली तर तिथे माणूस म्हणतो, आज जेवलो नाही. भाकरी न मिळाल्यावर आपल्याकडे म्हणतात तसंच.

हे पीठ दोन प्रतींचं. बारीक, पांढरंशुभ्र ते ‘ब्रेकफास्ट मील’. जाडंभरडं, कोंड्याचं ते ‘रोलर मील’. शहरातल्या कामगाराला परवडावं म्हणून सरकार दोन्हींवर अनुदान देई, आणि मका देशभर एकाच भावाने खरेदी करी, मग शेत रेल्वेजवळ असो की शेकडो मैल आत. दूरचा शेतकरी सुखावला, पण वाहतुकीचा खर्च सरकारच्या अंगावर आला.

नाणेनिधीच्या दबावाखाली डिसेंबर १९८६मध्ये ब्रेकफास्ट मीलचं अनुदान काढलं आणि भाव दुपटीवर गेला. गरिबांसाठी रोलर मील स्वस्तच ठेवलं होतं, कागदावर. पण सरकार अनुदानाचे पैसे कधी देईल याची गिरणीवाल्यांना खात्री नव्हती. त्यांनी रोलर मील दळणंच थांबवलं. दुकानात स्वस्त पीठ नाही, आणि आहे ते घेता येत नाही. किटवे, एन्डोलासह सगळ्या तांब्याच्या पट्ट्यात दंगली उसळल्या, पंधरा माणसं मेली. काउंडांनी भाववाढ मागे घेतली आणि १ मे १९८७ रोजी नाणेनिधीशी फारकत घेतली. ती दोन वर्षं टिकली. जून १९९०मध्ये पिठाचा भाव पुन्हा दुपटीहून वाढला, आणि या वेळी दंगल राजधानीत झाली. विद्यापीठाची मुलंही रस्त्यावर आली. वीसहून अधिक जीव गेले.

३० जूनच्या पहाटे लुचेम्बे नावाच्या एका लेफ्टनंटने नभोवाणी केंद्रात शिरून सैन्याने सत्ता घेतल्याचं जाहीर केलं. बंड काही तासांत मोडलं. पण तेवढ्या वेळात लुसाकाच्या रस्त्यांवर लोक नाचत होते. स्वातंत्र्य आणणाऱ्या पक्षाला आपल्याबद्दल लोकांना काय वाटतं ते असं कळलं.

विरोध उभा कोणी केला?

मुख्यतः कामगार संघटनांनी. आणि त्या तशा बळकट केल्या होत्या युनिपनेच. १९७१च्या कायद्याने एका उद्योगात एकच संघटना, सगळ्यांवर एकच महासंघ, आणि वर्गणी थेट पगारातून कापून. हेतू ताब्यात ठेवण्याचा. झालं असं, की देशात युनिपखेरीज गावोगाव शाखा आणि स्वतःचा पैसा असलेली ती एकच संस्था उरली. तिचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा. १९८१मध्ये त्यांना काही महिने डांबलं, त्याने त्यांचं नाव आणखी मोठं झालं.

जुलै १९९०मध्ये लुसाकाच्या गार्डन हाउस मोटेलमध्ये कामगार नेते, वकील, व्यापारी, युनिपचेच जुने मंत्री एकत्र आले. त्यातून एमएमडी, म्हणजे बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ, उभी राहिली. काउंडा आधी सार्वमत म्हणाले, मग ते पुढे ढकललं, मग सोडून दिलं. डिसेंबर १९९०मध्ये घटना बदलली.

१९९१च्या निवडणुकीत काय झालं?

३१ ऑक्टोबरला मतदान. चिलुबांना सुमारे ७६ टक्के, काउंडांना २४. संसदेत १५०पैकी एमएमडी १२५, युनिप २५. त्या २५पैकी १९ जागा एकट्या पूर्व प्रांतातल्या. तिथल्या सगळ्याच्या सगळ्या जागा युनिपच्या. राष्ट्रीय पक्ष एका रात्रीत प्रांतीय झाला.

काउंडांनी दूरचित्रवाणीवरून हार मान्य केली आणि दोन दिवसांत सूत्रं सोपवली. सैन्य हाताशी होतं, आणीबाणी लागू होती, सबबी हव्या तेवढ्या सापडल्या असत्या. त्यांनी एकही शोधली नाही. त्यांच्या सगळ्या चुका मांडल्यावरही मला हा माणूस मोठा वाटतो तो यासाठी.

पराभवानंतर पक्ष पुन्हा का उभा राहिला नाही?

सरकारशिवाय जगायची सवयच उरली नव्हती. पक्षाच्या कार्यकर्त्यांचे पगार, गाड्या, कचेऱ्या, सगळं सरकारी तिजोरीतून चालायचं. लुसाकातल्या नव्या भव्य पक्ष मुख्यालयात पुढे सरकारी कचेऱ्या आल्या. कार्डवाले कार्यकर्ते रातोरात एमएमडीचे झाले, खूपसे पुढारीही.

शिवाय नेतृत्व. १९९२मध्ये केबी मुसोकोत्वाने हे तरुण नेते अध्यक्ष झाले होते. १९९५मध्ये काउंडा परत आले आणि त्यांना बाजूला सारलं. ज्यांना पुढची वीस वर्षं पक्ष चालवता आला असता, त्यांना जागाच मिळाली नाही. चिलुबांनीही सूड घेतला: १९९६मध्ये घटनेत कलम घातलं की राष्ट्राध्यक्षाचे आईवडील दोघेही झांबियाचेच हवेत. काउंडांचे आईवडील मूळचे न्यासालँडचे, आजच्या मलावीचे. युनिपने निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि पाच वर्षं संसदेबाहेर बसला. २००१मध्ये १३ जागा आल्या. २०११मध्ये एकही नाही.

काउंडांचं पुढे काय झालं?

१९९७मध्ये काब्वे इथे त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. त्याच वर्षीच्या फसलेल्या लष्करी बंडात गोवून नाताळच्या दिवशी त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी खटला मागे घेतला गेला. १९९९मध्ये एका न्यायालयाने त्यांना देशहीन ठरवलं. ज्याने देश उभा केला त्यालाच तू इथला नाहीस म्हणायचं! वरच्या न्यायालयात तो निर्णय पुढे टिकला नाही. त्याच वर्षी मुलगा वेझी गोळीबारात गेला. २००० साली त्यांनी राजकारण सोडलं. दुसरा मुलगा मासुझ्यो १९८६मध्ये एड्सने गेला होता, आणि राष्ट्राध्यक्ष असतानाच त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं होतं. उरलेली वर्षं त्यांनी मोठ्या प्रमाणात एड्सविरोधी कामाला दिली.

पक्ष आज आहे का?

नोंदणीवर आहे. काउंडांचा मुलगा तिल्येंजी यांनी तो बरीच वर्षं चालवला, नंतर अँग्लिकन बिशप ट्रेव्हर म्वाम्बा अध्यक्ष झाले आणि २०२१ची निवडणूक लढले.

काउंडा १७ जून २०२१ रोजी, ९७व्या वर्षी गेले. सरकारने २१ दिवसांचा दुखवटा पाळला, शवपेटी प्रांताप्रांतांतून फिरवली. लोक पांढरे रुमाल हलवत निरोप द्यायला उभे होते. दोन महिन्यांच्या आत, १२ ऑगस्टला, देशाने मतदान केलं. युनिपच्या उमेदवाराला शंभरात एक मतही मिळालं नाही.